कळवायचे कोणी, कळायचे कोणाला?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या परिचयाचे एक शिक्षक तालुक्याच्या गावी सातवीचे वर्गशिक्षक आहेत. एका आठवड्यात त्यांच्या हजेरीपटावर पाच मुलांच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागली. त्यांनी घरोघरी चौकशी केली, तेव्हा पाचही जणांना कावीळ झाल्याचे समजले. चौघांना चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी तपासले होते. पाचव्याला घरच्यांनी काविळीवर झाडपाल्याचे औषध देणाऱ्या बाबांकडे नेले होते.

त्या चार डॉक्टरांनी काय केले? मूल तपासले, रक्त तपासून घेतले, पथ्य आणि विश्रांती सांगितली. उपचारात कोणाचीही चूक नव्हती. पण ह्या साथीचे खरे स्वरूप त्यांच्यापैकी एकालाही दिसले नाही, कारण प्रत्येकाला एकच रुग्ण दिसला होता. पाच दिसले ते फक्त हजेरीपटाला.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत, म्हणजे 'अ' प्रकारच्या विषाणूने होणाऱ्या यकृतदाहात, विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. सरासरी साधारण चार आठवडे. एकाच वर्गातली पाच मुले एकाच आठवड्यात आजारी पडतात, याचा अर्थ महिनाभरापूर्वी त्यांनी कुठेतरी एकच पाणी प्यायले असण्याची शक्यता फार मोठी. ते पाणी शोधायला हवे, आणि ते शोधण्यासाठी 'पाच' हा आकडा कोणाच्या तरी समोर यायला हवा.

चारही डॉक्टरांनी आपापला रुग्ण आरोग्य खात्याला कळवला असता तर तो आकडा समोर आला असता. एकानेही कळवला नव्हता. का? ह्या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले जाते: डॉक्टरांना माहीतच नसते, म्हणून त्यांना प्रशिक्षण द्या, आणि माहीत असून कळवत नसतील तर त्यांना दंड करा. आमच्या मते हे उत्तर अर्धवट आहे. ते कसे, हे तपासण्यासाठी ह्या लेखात आम्ही चार कागद समीक्षेला घेतले आहेत: एक प्रश्नावली, एक तक्ता, एक अधिसूचना आणि एक पोस्टकार्ड.

आधी एक व्याख्या

रोगसर्वेक्षण म्हणजे केवळ रुग्ण मोजणे नव्हे. अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युअर यांनी १९६३ साली ह्या कामाची जी व्याख्या मांडली, ती आजही पायाभूत मानली जाते. तिचा आशय असा: आजारांची माहिती सातत्याने गोळा करणे, ती जुळवून तिचा अर्थ लावणे, आणि मग तो अर्थ ज्यांनी माहिती पुरवली त्यांना व ज्यांना तो कळणे गरजेचे आहे अशा सर्वांना नियमितपणे परत पोहोचवणे.

ह्या व्याख्येतला शेवटचा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. माहिती देणाऱ्याला ती परत मिळाली पाहिजे, हे त्यात सौजन्य म्हणून आलेले नाही. तो कामाचाच भाग आहे.

पहिला कागद: प्रश्नावली

डॉक्टरांना काय माहीत आहे, त्यांना काय वाटते आणि ते काय करतात, हे विचारणाऱ्या पाहण्या आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतून पुष्कळ होतात. डॉक्टरांच्या हाती एक छापील प्रश्नावली देतात. डेंग्यू कळवणे बंधनकारक आहे का? क्षयरोग? गोवर? किती तासांत कळवायचे? मग बरोबर उत्तरांची टक्केवारी काढतात आणि शेवटी 'प्रशिक्षणाची गरज आहे' असा निष्कर्ष येतो.

डॉक्टरांचे अज्ञान खोटे आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. मुंबईच्या झोपडपट्टी भागातील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ साली प्रसिद्ध केलेला हा निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया, डॉ. उपलेकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच पुन्हा पाहणी केली. ह्या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्यांपैकी पूर्ण बरोबर चिठ्ठ्या होत्या केवळ ६. चुकीच्या औषधयोजनेतून औषधांना दाद न देणारा क्षय वाढतो, तेव्हा हे अज्ञान निरुपद्रवी म्हणता येत नाही.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बरोबर औषध लिहिणे ही एक गोष्ट, आणि रुग्ण आढळल्याचे कळवणे ही दुसरी. कोणती औषधे किती महिने द्यायची हे ज्याला नेमके ठाऊक नाही, त्यालाही 'माझ्याकडे क्षयाचा रुग्ण आला आहे' एवढे कळवता येते. उलट ज्याला सगळे पाठ आहे तोही गप्प बसू शकतो.

प्रश्नावलीची दुसरी उणीव शिक्षकांना चटकन कळेल. परीक्षेत 'हात धुण्याचे महत्त्व' ह्यावर दहापैकी दहा गुण मिळवणारा मुलगा मधल्या सुट्टीत हात न धुता डबा उघडतो, हे आपण रोज पाहतो. डॉक्टरांचेही तसेच असते का? जिश्नू दास, मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत हे तपासण्याची एक नामी युक्ती केली. क्षयाची लक्षणे सांगायला शिकवलेल्या व्यक्ती रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार अशा २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के वेळा, रुग्णाची योग्य हाताळणी झाली. शिवाय कागदावर उदाहरण देऊन विचारले असता डॉक्टर जितके बरोबर वागायचे, तितके प्रत्यक्ष रुग्ण समोर असताना वागत नव्हते. माहीत असणे आणि करणे यांत दरी होती.

तेव्हा प्रश्नावली जे मोजते ते पाठांतर. 'गेल्या महिन्यात तुमच्या वहीत काविळीचे किती रुग्ण आहेत, आणि त्यांतले किती कळवलेत?' असे वही उघडून विचारणारी पाहणी कष्टाची असते, म्हणून ती क्वचित होते. त्यातच आरोग्य हा आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांच्या अखत्यारीतला विषय. कोणते रोग कळवणे बंधनकारक आहे, ह्याची यादी राज्याराज्यांत सारखी नाही. एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरला 'बरोबर उत्तर' कोणते, हे प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी तरी आधी सांगायला हवे.

दुसरा कागद: तक्ता

नोव्हेंबर २००४ मध्ये देशात एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यातच महाराष्ट्राचा समावेश झाला. त्याची रचना शहाणपणाची होती. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने फक्त लक्षणे नोंदवायची: सात दिवसांहून कमी ताप, तापाबरोबर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, कावीळ, पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक आलेला लुळेपणा. डॉक्टरने 'पी' तक्त्यात संभाव्य निदान नोंदवायचे: विषमज्वर, हिवताप, डेंग्यू, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, लेप्टोस्पायरोसिस इत्यादी. प्रयोगशाळेने तिसऱ्या तक्त्यात पक्के निदान नोंदवायचे. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे तक्ते जिल्ह्याला, तिथून राज्याला व दिल्लीला जायचे. निदान पक्के होण्याची वाट न पाहता संशयालाही जागा दिली, हा ह्या रचनेचा मोठा गुण. साथीच्या कामात उशिरा आलेल्या अचूक माहितीपेक्षा वेळेवर आलेली ढोबळ माहिती अधिक उपयोगी पडते.

आता हा तक्ता एखाद्या खाजगी डॉक्टरच्या टेबलावर ठेवून पाहू. सरकारी आरोग्य केंद्रात लिहायला माणूस असतो. गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर आणि एक कंपाउंडर. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण. रविवारी रात्री वही चाळून वीसेक रोगांपुढे आकडे लिहायचे. जुन्या कागदी तक्त्यात रोगापुढे फक्त आकडा होता. रुग्ण कोणत्या आळीतला, हे विचारलेले नव्हते. 'कावीळ: २' एवढ्यावरून फुटलेली नळ कोणती, हे कोणाला कळणार?

ही उणीव पुढे सुधारली. एप्रिल २०२१ पासून देशभर संगणकावर एकेका रुग्णाची स्वतंत्र नोंद घेणारी पद्धत आली. त्यात वय आणि पत्ता दोन्ही असतात, नकाशावर ठिपके पाहता येतात. पण ज्याला आठवड्याचे आकडे लिहायला वेळ नव्हता, त्याला आता एकेका रुग्णाचा रकाना भरायचा आहे.

आमच्या माहितीतल्या एका खाजगी डॉक्टरांशी ह्या विषयावर बोललो. ते म्हणाले, "सर, मी चार वर्षे तक्ता भरून पाठवला. एका पावसाळ्यात जुलाबाचा आकडा एकदम तिप्पट लिहिला. कोणी फोनसुद्धा केला नाही. पुढच्या आठवड्यापासून मी लिहायचे बंद केले. तेही कोणाच्या लक्षात आले नाही."

ह्या पाच वाक्यांत आम्हाला तक्त्याची सगळी समीक्षा सापडली. दिल्लीच्या केंद्रातून उद्रेकांची साप्ताहिक यादी प्रसिद्ध होते, हे खरे. पण ती इंग्रजीत, संकेतस्थळावर आणि संपूर्ण देशाची. 'तुमच्या तालुक्यात ह्या आठवड्यात काय चालले आहे' हे चार ओळींत सांगणारा कागद ह्या डॉक्टरांकडे कधी परत आला नाही. लँगम्युअर यांच्या व्याख्येतला शेवटचा भाग गळला. विद्यार्थ्याच्या वह्या वर्षभर गोळा केल्या आणि एकही तपासून परत दिली नाही, तर तो किती दिवस गृहपाठ करील? त्याला 'गृहपाठाचे महत्त्व' ह्यावर व्याख्यान देऊन काही साधेल का?

तिसरा कागद: अधिसूचना

क्षयरोगाची नोंद ७ मे २०१२ च्या आदेशाने देशभर बंधनकारक झाली. त्यासाठी 'निक्षय' ही संगणकीय नोंदवही त्याच वर्षी सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने राजपत्रात आणखी एक अधिसूचना काढली: डॉक्टर, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषधविक्रेते ह्यांनी क्षयाच्या रुग्णाची माहिती दिली नाही, तर भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ आणि २७० खाली कारवाई होऊ शकेल. पहिल्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत, दुसऱ्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद. दंड संहिता १८६० सालची. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हीच कलमे तिथे २७१ व २७२ म्हणून आली.

आकडे पाहिले तर मोहीम यशस्वी दिसते. २०१३ साली खाजगी क्षेत्रातून देशभरात ४० हजारांहूनही कमी क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०१९ साली ती सुमारे ६ लाख ७८ हजारांवर गेली. मग दंडाची भीती उपयोगी पडली, असे म्हणायचे का? तारखा नीट पाहिल्या तर तसे म्हणता येत नाही. २०१७ सालीच, म्हणजे अधिसूचना निघण्यापूर्वी, हा आकडा साडेतीन लाखांच्या पुढे गेलेला होता. दरम्यान काय झाले होते? २०१४ पासून मुंबई, पाटणा, मेहसाणा अशा ठिकाणी एक वेगळा प्रयोग चालू होता. खाजगी डॉक्टरांच्या रुग्णांना औषधे फुकट मिळत, नोंदीच्या कामात मध्यस्थ संस्थेचे कर्मचारी मदत करीत. रुग्ण डॉक्टरकडेच राहत असे. सरकार तो पळवून नेईल ही धास्ती उरत नसे. तिथे नोंदी भराभर वाढल्या. पुढे नोंद करणाऱ्या खाजगी डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्यावर आणखी ५०० रुपये देण्याची योजना आली. ही कल्पनाही नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १८८९ साली साथीचे रोग कळवण्याचा कायदा झाला, तेव्हा त्यातच खाजगी रुग्णामागे डॉक्टरला अडीच शिलिंग देण्याची तरतूद होती.

दंडाची वाट आपल्या भागाने पूर्वी चालून पाहिली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रुग्ण प्रथम ओळखले आणि नगरपालिकेच्या नजरेस आणले. एका खाजगी डॉक्टरने वेळेवर कळवण्याचे ह्याहून मोठे उदाहरण मिळणे कठीण. पण त्यानंतर १८९७ चा साथरोग कायदा आला, घरझडत्या आल्या, सक्तीने रुग्ण हलवणे आले. लोकांनी काय केले? रुग्ण लपवले, मृत्यू लपवले. पुण्यात त्या वर्षी काय घडले ते आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच. साथ कळावी म्हणून केलेल्या सक्तीने साथ लपवायला शिकवले.

क्षयाच्या बाबतीत लपवण्याची कारणे आजही जिवंत आहेत. लग्नाची मुलगी आहे, नोकरी जाईल, घरमालक खोली सोडायला सांगेल. रुग्ण डॉक्टरला विनवतो, "साहेब, माझे नाव कुठे जाऊ देऊ नका." डॉक्टरला ते मोडवत नाही, आणि नाव फुटले तर रुग्ण दुसरीकडे जाईल ही भीतीही असतेच. ही अडचण खरी आहे. मात्र तिच्या आडून गप्प बसण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्या मुलीच्या घरातली लहान भावंडे तपासायला कोणी जायचे असेल, तर तिची नोंद व्हायलाच हवी. फरक इतकाच, की 'नाव फुटणार नाही' ही हमी देणे आणि ती पाळणे, हे काम अधिसूचना काढणाऱ्याचे आहे. ते एकट्या डॉक्टरच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवता येत नाही.

चौथा कागद: पोस्टकार्ड

मग डॉक्टर कळवतात तरी केव्हा? ह्याचे उत्तर देणारी दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत.

पहिले तमिळनाडूतील उत्तर अर्काट जिल्ह्याचे. १९८०च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील सरकारी व खाजगी डॉक्टरांच्या हाती छापील पोस्टकार्डे दिली. रुग्ण दिसला की कार्डावर खूण करायची आणि पेटीत टाकायचे. एवढेच. आलेल्या कार्डांवरून दर महिन्याला एक छोटे पत्रक निघे आणि ते सगळ्यांकडे परत जाई: जिल्ह्यात कोणता रोग कुठे वाढला, काय उपाय केला. ह्या व्यवस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तिला 'नदी' म्हणत. १९९८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात तिची हकिकत आली, आणि नंतर केरळातल्या कोट्टयम जिल्ह्यात तिचे अनुकरण झाले. तिथे संगणक नव्हता, कैदेची धमकी नव्हती. डॉक्टर तेच होते, त्यांचे शिक्षणही तेच.

दुसरे उदाहरण पोलिओचे. १९९७ पासून भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून देशभर एक जाळे उभे केले. डॉक्टरला सांगितले, पोलिओ ओळखू नका. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला, तर कारण काहीही असो, आम्हाला कळवा. कळवले की ४८ तासांत प्रशिक्षित अधिकारी येऊन मूल तपासे. दोन आठवड्यांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, मुलाच्या शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जात. निदान प्रयोगशाळा करी. डॉक्टरच नव्हे, पदवी नसलेले वैदू-हकीमही ह्या जाळ्यात घेतले होते. आणि दर आठवड्याला, रुग्ण नसला तरी, 'निरंक' कळवायचे होते.

निरंक अहवाल म्हटले की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो! पण इथे त्याला अर्थ होता. कागद आला नाही तर रुग्ण नाही की लिहिणारा नाही, हे कळत नाही; 'निरंक' आले तर कळते. त्याहून पुढची कसोटी अशी: पोलिओ अजिबात नसला तरी इतर कारणांनी एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एका मुलाला असा लुळेपणा येतोच. एखाद्या जिल्ह्यातून तितकेही रुग्ण कळवले गेले नाहीत, तर तो जिल्हा निरोगी ठरत नसे. झोपलेला ठरत असे. कळवण्याचे काम नीट चालले आहे का, हे मोजण्याची इतकी सोपी पट्टी फार थोड्या कार्यक्रमांना सापडली आहे. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२, आणि २०११ साली एक. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका मुलीला झालेला पोलिओ हा देशातील शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते लस पाजणाऱ्यांइतकेच कळवणाऱ्यांचेही श्रेय आहे.

म्हणजे आपले डॉक्टर कळवतात. थोडेसेच विचारले, विचारलेले कळण्याजोगे असले, आणि कळवल्यावर कोणी दाराशी आले, तर कळवतात. डॉक्टरांचे अज्ञान दूर करायलाच हवे, त्याशिवाय मुंबईतल्या त्या चिठ्ठ्या सुधारणार नाहीत. पण कळवण्याच्या कामातला मोठा रोग डॉक्टरांच्या डोक्यात नसून परत न येणाऱ्या कागदात आहे, असे आमचे मत झाले आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा विषय आठवी-नववीच्या वर्गात शंभर वाटाण्यांच्या मदतीने छान समजावता येतो. समजा, गावात १०० मुलांना विषमज्वर झाला. त्यांतली ८० टक्के डॉक्टरकडे गेली: उरले ८० वाटाणे. त्यांतल्या ८० टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरला योग्य शंका आली: ६४. त्यांतल्या ८० टक्क्यांनी रक्त तपासून घेतले: ५१. त्यांतल्या ८० टक्क्यांत तपासणीत रोग दिसला: ४१. आणि शेवटी डॉक्टरने दहातला एकच रुग्ण कळवला: ४. सरकारी तक्त्यात विषमज्वराचे रुग्ण चार! (हे टक्के आम्ही समजुतीसाठी धरले आहेत. मुलांना ते बदलून पाहू द्यावेत.)

आता विचारा: पुढच्या वर्षी रोग तितकाच राहिला, पण डॉक्टर दहात दोन रुग्ण कळवू लागले, तर तक्त्यात किती दिसतील? आठ. वर्तमानपत्र म्हणेल, 'विषमज्वर दुपटीने वाढला.' खरे तर वाढला तो प्रामाणिकपणा. खाजगी क्षेत्रातील क्षयाच्या नोंदी सहा वर्षांत सतरा-अठरा पट झाल्या, त्याचा अर्थ क्षय तितका पसरला असा नाही. आधी अंधारात असलेले रुग्ण उजेडात आले. आकडा वाचताना 'रोग किती?' ह्याबरोबरच 'मोजले किती जणांनी?' हेही विचारायचे असते, ही सवय मुलांना लागली तर विज्ञानाचा एक मोठा धडा झाला.

आता पुन्हा त्या सातवीच्या वर्गाकडे. आमच्या शिक्षकमित्रांनी एका कागदावर पाच मुलांची वये, राहण्याच्या आळ्या आणि गैरहजेरीच्या पहिल्या तारखा लिहिल्या. नावे लिहिली नाहीत. तो कागद त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दिला आणि त्याच्या प्रती गावातल्या सगळ्या डॉक्टरांना नेऊन दिल्या. दोन दिवसांत त्यांतल्या दोघांचे फोन आले. "सर, त्याच आळीतले माझ्याकडे आणखी तीन आहेत," एकजण म्हणाले. दुसऱ्यांकडे दोन निघाले. पाचाचे दहा झाले. आरोग्यसेवकांनी आळीतल्या नळांची ओटी चाचणी केली, तेव्हा शेवटच्या काही घरांत पाण्यात क्लोरीनच नव्हते. गटाराजवळून जाणाऱ्या नळाच्या जोडात गळती सापडली. दुरुस्ती झाली. दुरुस्तीनंतरही महिनाभर एक-दोन नवे रुग्ण येत राहिले, कारण विषाणू आधीच पोटात गेलेला होता. ते का येत आहेत हे शिक्षकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी पालकांना तसे समजावून सांगितले, आणि गावात उगाच घबराट झाली नाही.

नंतर त्यांनी आणखी एक केले. नळ कुठे फुटला होता आणि एकूण रुग्ण किती झाले, हे चार ओळींत लिहून त्याच डॉक्टरांना पुन्हा पाठवले. त्यांतले एक डॉक्टर आता काविळीचा रुग्ण आला की आरोग्य केंद्रात आणि शाळेत असे दोन फोन करतात. त्यांना त्यासाठी कोणी प्रशिक्षण दिलेले नाही.